बत्तीस बिटांचा सातबारा

नेटवर्किंगच्या क्लासला सुरुवातीचे काही दिवस चांगली गर्दी असते. सर स्विच उघडून दाखवतात, केबल सोलायला देतात, आतल्या आठ रंगीत तारा ओळीने लावून टोकाला कनेक्टर कसा दाबायचा ते शिकवतात. पोरं खूश असतात. मग एके दिवशी सर फळ्यावर ए, बी, सी, डी, ई असा तक्ता काढतात, प्रत्येकासमोर आकडे लिहितात आणि म्हणतात, "हे पाठ करून या, इंटरव्ह्यूला विचारतात." पुढच्या तासाला सबनेट मास्क येतो. त्याच्या पुढच्या तासाला मागची बाकं रिकामी असतात आणि पुढच्या बाकांवरची पोरं "सर, प्रॅक्टिकल कधी?" असं विचारायला लागतात.

मराठी मुलाला हा विषय अवघड का जावा, हे मला कळत नाही. हा सगळा विषय जमिनीच्या वाटणीचा आहे. गट कोणाचा, बांध कुठून जातो, पलीकडचा आपल्यातला की परका, एवढंच त्यात असतं. ज्याचे दोन काका एका बांधावरून वर्षानुवर्षं दिवाणी कोर्टात तारखा घेत आहेत, त्याने हा विषय शिकायचा नाही, शिकवायचा. आपण मात्र त्याच्या हातात २५५.२५५.२५५.१९२ असा आकडा देतो आणि पाठ कर म्हणतो.

आधी जमीन किती ते बघू. आयपीव्ही४चा पत्ता म्हणजे बत्तीस बिटांचा एक लांबलचक आकडा. प्रत्येक बिट शून्य किंवा एक. म्हणजे एकूण पत्ते ४ अब्ज २९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६. आपण तो आकडा आठ-आठ बिटांचे चार तुकडे करून, मध्ये टिंबं देऊन लिहितो आणि प्रत्येक तुकडा ० ते २५५ यांच्यात राहतो. ही टिंबं फक्त माणसांसाठी आहेत. यंत्राला टिंब दिसत नाही, आणि ज्याला टिंब दिसत नाही त्याला तुमची अर्धी अडचण कळतच नाही.

बत्तीसच बिटं का, याची गोष्ट गमतीची आहे. व्हिंट सर्फ हे इंटरनेटच्या जन्मदात्यांपैकी एक. १९७७च्या सुमारास पत्ता किती लांब असावा यावर इंजिनिअर मंडळींचा वाद काही मिटेना, तेव्हा एका प्रयोगापुरती बत्तीस बिटं पुष्कळ झाली, असं म्हणून आपणच निर्णय दिला, असं सर्फ यांनी पुढे अनेकदा सांगितलं आहे. तो प्रयोग संपलाच नाही. त्याच प्रयोगावर आज आपण लाइटबिल भरतो.

आता प्रत्येक पत्त्याचे दोन भाग असतात. पुढचा भाग नेटवर्कचा, म्हणजे गट नंबर. मागचा भाग त्या गटातल्या यंत्राचा, म्हणजे गटाच्या आतला गुंठा. गट नंबर कुठे संपतो आणि गुंठा कुठे सुरू होतो, हे नुसत्या आकड्याकडे बघून कळायला हवं. सुरुवातीला उत्तर अगदी सोपं होतं. पहिली आठ बिटं गटाची, उरलेली चोवीस आतल्या यंत्रांची. त्यामुळे जगात एकूण गट २५६ आणि प्रत्येक गटात १ कोटी ६७ लाख पत्ते. तेव्हा इंटरनेटचा पूर्वज असलेल्या अख्ख्या अर्पानेटवर मोजकी यंत्रं होती, त्यामुळे २५६ गट म्हणजे चैन वाटली असणार. पण गल्लोगल्ली छोटी छोटी नेटवर्कं निघायला लागली आणि २५६ गट पुरणार नाहीत हे लक्षात आलं.

मग सप्टेंबर १९८१ मध्ये आरएफसी ७९१ नावाचा दस्तऐवज आला. त्याचे संपादक जॉन पोस्टेल. त्यात ए, बी, सी हे वर्ग ठरले, आणि ते ओळखायची खूण पत्त्याच्या तोंडावरच ठेवली. पहिलं बिट शून्य असेल तर ए. पहिली दोन १० असतील तर बी. पहिली तीन ११० असतील तर सी. पुढे त्यात भर पडली, १११०ने सुरू झालं तर डी, आणि ११११ असेल तर ई. आपल्या आकड्यांत सांगायचं तर १२७ पर्यंत ए, १२८ ते १९१ बी, १९२ ते २२३ सी, २२४ ते २३९ डी आणि त्यापुढे ई. पोरं पाठ करतात तो तक्ता हाच. पण तो पाठ करायची गरज नाही, त्याची आणेवारी लावली की झालं. पहिलं बिट शून्य म्हणजे निम्मी जमीन, म्हणून एला रुपयातले आठ आणे. उरलेल्यातली निम्मी बीला, चार आणे. त्याच्या निम्मी सीला, दोन आणे. डीला एक आणा, ईला एक आणा. बेरीज सोळा आणे बरोबर. सातबाऱ्याच्या उताऱ्यावर इतकी चोख आणेवारी मी तरी पाहिलेली नाही.

ए, बी, सी, डी ही उतरंड बघून आपल्याला गट-अ अधिकारी ते गट-ड कर्मचारी आठवतात आणि डी म्हणजे शिपाई असावा असं वाटतं. तसं नाही. डी हा एकाच वेळी अनेकांना निरोप पाठवण्यासाठी, म्हणजे मल्टिकास्टसाठी ठेवला. ईची कथा मात्र आपल्या ओळखीची आहे. २६ कोटी ८४ लाख पत्ते "भविष्यातील वापरासाठी राखीव" म्हणून १९८०च्या दशकात बाजूला ठेवले, आणि ते अजून राखीवच आहेत. शहराच्या विकास आराखड्यातल्या बागेच्या आरक्षणासारखे. भविष्य येऊन, राहून, निघूनही गेलं, ईवर अजून बाग झालेली नाही.

खरी मजा एमध्ये आहे. एचे गट फक्त १२८, त्यातले शून्य आणि १२७ बाजूला काढले की १२६. प्रत्येकात १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६ पत्ते. हे गट वाटले कोणाला? ९ नंबरचा आयबीएमला, १७ ॲपलला, १८ एमआयटीला, १९ फोर्ड मोटार कंपनीला, ४० एली लिली या औषध कंपनीला, ४८ प्रुडेन्शियल या विमा कंपनीला, ५६ अमेरिकेच्या टपाल खात्याला. अमेरिकेच्या संरक्षण खात्याकडे तर असे अनेक गट. यांना इनामदार म्हणायचं नाही तर काय म्हणायचं? रांगेत पुढे उभं राहणं एवढंच कर्तृत्व, आणि त्यावर कोट्यवधी पत्त्यांची सनद. त्यातल्या त्यात स्टॅनफर्ड विद्यापीठाचं कौतुक करायला हवं. ३६ नंबरचा आपला गट त्यांनी २००० साली परत करून टाकला. मिळालेली जमीन स्वखुशीने परत करणारा माणूस आपल्या गावात सापडला तर लोक आधी त्याच्या तब्येतीची चौकशी करतील.

१२७ नंबरचा गट वेगळाच. त्यातला १२७.०.०.१ हा पत्ता म्हणजे "मी स्वतः". यंत्राला स्वतःशीच बोलायचं असेल तर तो वापरतात. त्यासाठी एक पत्ता पुरला असता, पण राखून ठेवला अख्खा गट. म्हणजे स्वतःशी पुटपुटायला १ कोटी ६७ लाख पत्ते. काही साहित्य संमेलनांनाही एवढे लागत नाहीत.

आता गैरसोय कुठे झाली ते बघा. सीच्या गटात २५६ पत्ते, बीच्या गटात ६५,५३६, एच्या गटात दीड कोटीच्या वर. मधलं काही नाही. आणि प्रत्येक गटातला पहिला पत्ता त्या गटाच्या नावाचा आणि शेवटचा दवंडीचा. दवंडी म्हणजे ब्रॉडकास्ट, त्यावर पाठवलेलं सगळ्या गटाला ऐकू जातं. हे दोन सोडले की सीमध्ये राहतात २५४. एखाद्या कॉलेजात ३०० कॉम्प्युटर असतील तर सी अपुरा पडणार, म्हणून कॉलेज बी मागणार. बी मिळाला की ६५,५३४ जागांत ३०० यंत्रं, बाकी सगळं पडीक. बीचे गट एकूण १६,३८४, आणि सगळ्यांना तोच हवा. दोन-चार सी जोडून द्यावेत तर प्रत्येक सीची वेगळी नोंद जगभरच्या मोठ्या राऊटरांच्या दप्तरात करायची. सी आहेत २० लाख ९७ हजार १५२. एवढ्या नोंदी म्हणजे त्या काळच्या राऊटराला धाप लागणार. राऊटर हे तलाठी असल्याने त्यांच्याकडे नोंदी वाढल्या की कामच थांबतं, हे कोणाला नव्याने सांगायला नको.

यावर दोन उपाय निघाले. पहिला इनामदारांच्या घरातला. १९८५ साली आरएफसी ९५०ने सांगितलं, आपल्या गटाच्या आत तुम्ही स्वतः पोटहिस्से पाडा, बाहेरच्यांना गट एकच दिसू दे. पोटहिस्सा कुठे पाडला हे आतल्या प्रत्येक यंत्राला कळावं म्हणून पत्त्याच्या जोडीला दुसरा एक आकडा द्यायचा. तोच सबनेट मास्क. यात काहीही गूढ नाही. तोही बत्तीस बिटांचा असतो. डावीकडून जितकी एकं, तितका भाग गटाचा. पुढे जितकी शून्यं, तितका भाग यंत्रांचा. एक आणि शून्य जिथे भेटतात तिथे बांध. म्हणूनच मास्कमध्ये ठरावीकच आकडे दिसतात. ०, १२८, १९२, २२४, २४०, २४८, २५२, २५४, २५५. बांध डावीकडून उजवीकडे एकेक बिट सरकतो, तसा आकडा या पायऱ्या चढत जातो. मध्येच कोणी २५५.२५५.२५५.१०० असा मास्क लिहिला तर समजावं, की या माणसाने शेताच्या मधोमध बांध घातलाय, मग सोडलाय, मग पुन्हा घातलाय.

दुसरा उपाय मोठा होता. १९९३ साली सीआयडीआर आलं, म्हणजे वर्गांची पद्धतच रद्द. ए, बी, सी गेले. आता बांध कुठेही घाला, फक्त पत्त्यापुढे तिरकी रेघ मारून गटाची बिटं किती ते लिहा. /८, /२०, /२६. ज्याला हजार पत्ते हवेत त्याला /२२ द्यायचा, १,०२४ पत्ते, पडीक जवळजवळ नाही. शिवाय शेजारचे बरेच गट एका नोंदीत बसवता येतात, त्यामुळे तलाठीही खूश. थोडक्यात, वर्गांची वतनं खालसा झाली ती १९९३ मध्ये. भारतात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळालं १५ ऑगस्ट १९९५ला, विदेश संचार निगमकडून. म्हणजे आपण आलो तेव्हा वर्ग नव्हतेच. तरीही आपल्या परीक्षेत "वर्ग बीचा डीफॉल्ट मास्क सांगा" हा प्रश्न अजून हमखास येतो. खालसा झालेल्या वतनाच्या नावाने ओळख करून देणारी माणसंही आपल्याकडे कमी नाहीत, त्यामुळे प्रश्नपत्रिका काढणाऱ्याला एकट्याला दोष देण्यात अर्थ नाही.

आता प्रत्यक्ष वाटणी करू. समजा ऑफिसला १९२.१६८.१०.० हा /२४चा गट आहे, २५६ पत्ते. वारसदार तीन. विक्री विभाग, हिशेब विभाग आणि भांडार. आपल्याकडची पहिली सूचना ठरलेली असते, "तिघांना सारखं करा." इथे ते जमत नाही. बांध एक बिट सरकवला की दोन हिस्से होतात, आणखी एक सरकवला की चार. दोन, चार, आठ भाऊ असतील तर सुटसुटीत. तीन असतील तर चार हिस्से पाडून चौथा पडीक ठेवायचा, किंवा थोरल्याला अर्धं आणि धाकट्या दोघांना पाव-पाव द्यायचं. विक्रीची माणसं शंभर, म्हणून त्यांना अर्धं. ० ते १२७, मास्क २५५.२५५.२५५.१२८. हिशेबाला १२८ ते १९१, भांडाराला १९२ ते २५५, दोघांचाही मास्क २५५.२५५.२५५.१९२. धाकट्यांच्या वाट्याला प्रत्येकी ६४ पत्ते, पण पहिला नावाचा आणि शेवटचा दवंडीचा गेला की हातात ६२. वाटणी जितकी बारीक, तितकं बांधात जास्त जातं. /३० पाडला तर चारच पत्ते, त्यातले दोन बांधात. निम्मी जमीन गेली. शेतीला १९४७चा तुकडेबंदी कायदा आहे, नेटवर्कला तोही नाही.

हिस्सा कुठून सुरू होतो हे काढायची एक सोपी रीत आहे. २५६ मधून मास्कचा शेवटचा आकडा वजा करा. १९२ वजा केले तर ६४. म्हणजे ६४-६४ची पावलं टाका. ०, ६४, १२८, १९२. आता १५० नंबरचं यंत्र कुठल्या हिश्श्यात? १२८ आणि १९२च्या मध्ये, म्हणजे १२८च्या. यंत्र हेच बिटांनी करतं. १५० म्हणजे १००१०११०, मास्क ११००००००. वर-खाली मांडायचे, दोन्हीकडे एक असेल तरच एक ठेवायचा. उरतं १०००००००, म्हणजे १२८. दुसरीतला गुणाकार याहून किचकट असतो.

आणि हे सगळं यंत्र कशासाठी करतं? एकाच प्रश्नासाठी. समोरचा आपल्यातला की बाहेरचा? निरोप पाठवण्यापूर्वी ते स्वतःचा आणि समोरच्याचा पत्ता आपल्या मास्कखाली ठेवतं. गट सारखा निघाला तर थेट हाक मारतं. वेगळा निघाला तर निरोप राऊटरकडे देतं, तुम्हीच पोचवा म्हणून. आडनाव विचारत नाही, मूळ गाव विचारत नाही, "म्हणजे त्या सांगलीकडचे का?" अशी हळूच चाचपणी करत नाही. बाकं जवळजवळ आहेत की नाहीत हेही बघत नाही. हिशेबातला १५० आणि भांडारातला २०० एकाच टेबलावर, एकाच स्विचला लावलेले असतील, तरी मास्क म्हणतो वेगळे तर वेगळे.

सगळ्यात करमणूक होते ती मास्क चुकल्यावर. समजा १५०वर कोणीतरी १९२ऐवजी ० टाकून २५५.२५५.२५५.० असा मास्क दिला. आता १५०ला २०० आपल्याच घरातला वाटतो, तो थेट हाक मारतो. २००चा मास्क मात्र बरोबर आहे. त्याच्या लेखी १५० बाहेरचा, म्हणून तो उत्तर राऊटरकडे देतो. राऊटर तिथे नसला किंवा त्याचा पत्ता भरलेला नसला, तर ते उत्तर कुठेच जात नाही. एकाच्या मते भावकी, दुसऱ्याच्या मते ओळखही नाही. मग ऑफिसात सुरू होतं, "केबल बदलून बघा", "रिस्टार्ट करा", "अँटीव्हायरस असेल." स्विच बदलला जातो. टेबल बदललं जातं. बांध कोणी बघत नाही.

इतक्या काटकसरीनंतरही जमीन संपलीच. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक साठ्यातले शेवटचे पाच /८ गट पाच खंडीय संस्थांना एकेक वाटून टाकले आणि सरकारी जमीन शून्य झाली. मग जे व्हायचं तेच झालं. जमिनीला भाव आला. त्याच वर्षी दिवाळं निघालेल्या नॉर्टेल कंपनीचे ६,६६,६२४ पत्ते मायक्रोसॉफ्टने ७५ लाख डॉलरना घेतले, पत्त्याला साधारण ११ डॉलर. २०१७मध्ये एमआयटीनेही आपल्या अठरा नंबरच्या गटातला मोठा भाग विकायला काढला. इनामदाराच्या नातवाने हायवेकडेचं शेत विकावं, तसंच.

तोवर सामान्य माणसाने दुसरीच सोय करून घेतली होती. १० नंबरचा अख्खा गट, १७२.१६ ते १७२.३१ आणि १९२.१६८ हे तीन पट्टे १९९६च्या आरएफसी १९१८ने खासगी वापरासाठी मोकळे ठेवले. गंमत म्हणजे वर्ग रद्द होऊन तीन वर्षं झाली होती, तरी त्या दस्तऐवजात हिशेब वर्गांच्याच भाषेत दिला आहे. एक ए, सोळा बी, दोनशे छप्पन्न सी. या जमिनीचा सातबारा निघत नाही आणि बाहेरचे राऊटर ती मानत नाहीत, म्हणून ती कोणीही कितीही वापरावी. त्यामुळे कोल्हापूरच्या घरातल्या आणि अंधेरीच्या घरातल्या टीव्हीचा पत्ता तोच असू शकतो, आणि शेजारच्या भाच्याला फक्त १९२.१६८.१.१ एवढं टाइप करता येतं, या भांडवलावर तो अख्ख्या सोसायटीचा वायफाय तज्ज्ञ होतो. घरातल्या सगळ्या यंत्रांच्या नावाने राऊटर एकाच बाहेरच्या पत्त्यावर व्यवहार करतो, त्याला नॅट म्हणतात. हल्ली तर तो बाहेरचा पत्ताही बऱ्याचदा तुमचा नसतो, इंटरनेट देणाऱ्या कंपनीने १००.६४ पासून सुरू होणाऱ्या राखीव पट्ट्यातून दिलेला असतो. म्हणजे तुमचा राऊटर हे कूळ, तुमचा फोन हे पोटकूळ, आणि मालक कुठे आहे ते कंपनीला विचारा. आणि ज्याला कोणीच पत्ता दिला नाही, ते यंत्र १६९.२५४ मध्ये स्वतःच एक नंबर घेऊन बसतं, गायरानात पाल ठोकावं तसं. त्या नंबरवर इंटरनेट का येत नाही, हे विचारायला लोक फोन करतात.

आता आयपीव्ही६ आलंय. पत्ता १२८ बिटांचा. त्यात घरच्या एका साध्या नेटवर्कलाही /६४ देण्याची रीत आहे, म्हणजे यंत्रांसाठी चौसष्ट बिटं. जुन्या अख्ख्या इंटरनेटला जुन्या अख्ख्या इंटरनेटने गुणलं तर जितके पत्ते होतील तितके, दोन खोल्यांच्या एका घरात. आयबीएमचं इनाम यापुढे काहीच नाही. पण जन्मभर एकेक पत्ता मोजून वापरलेल्या माणसाच्या हाताला सवय लागलेली असते. एका ऑफिसात जुने नेटवर्क ॲडमिन आणि नुकतीच रुजू झालेली मुलगी नव्या जोडणीचे पत्ते लावत बसले होते. ॲडमिननी कागदावर रेघ मारली आणि विचारलं, "अगं, यातलाही पहिला आणि शेवटचा सोडायचा ना?"

ती म्हणाली, "सर, यात ब्रॉडकास्टच नाही. शेवटचा नाही सोडला तरी चालेल. पहिला सोडा फक्त."

त्यांनी थोडा विचार केला. "दोन्ही सोडतो," ते म्हणाले. "परवडतंय."